कुंडलिकेच्या खोऱ्यात आलेली माणसं

दसरा-दिवाळी झाली की परभणी जिल्ह्यातल्या पालम तालुक्यातली गावं रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयते, भांडी, लेकरं आणि पालाचं सामान घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखरपट्ट्यात उतरतात आणि उन्हाळा लागला की परततात. ज्यांना ऊस नको ते पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातात. नेमक्या याच दिवसांत पावसाने धुतलेलं कोकण उघडतं आणि शहरांतल्या गाड्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याकडे धावू लागतात. एकाच हंगामात माणसांचे दोन लोंढे महाराष्ट्रभर फिरतात, एक पोटासाठी आणि एक विरंगुळ्यासाठी. दोन्ही लोंढे जिथे जातात तिथे परकेच राहतात. मी गोदाकाठचा. जाणारी माणसं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली आहेत, त्यामुळे कुंडलिका नदीच्या खोऱ्यातून ताम्हिणी घाट ते रेवदंड्याची खाडी असा प्रवास करताना माझा डोळा सारखा आलेल्या माणसांच्या खुणांवरच जात राहिला. परक्या मुलखात गेलेला माणूस त्या मुलखाचा कधी होतो आणि कशामुळे होतो, हा प्रश्न मला या नदीने घातला. धबधबे आणि समुद्र पाहण्यासारखे आहेतच. पण या खोऱ्याचा खरा ठेवा वेगळा आहे. इथे समुद्रावरून आलेल्या माणसांना काम मिळालं, राहायला जागा मिळाली आणि गावाचं नाव आपल्या नावाला जोडायची मुभा मिळाली. हे औदार्यातून घडलं असं मी म्हणणार नाही. गरजेतून घडलं. पण घडलं, टिकलं, आणि आज आपण ते विसरत चाललो आहोत.

पालमहून निघालं की गंगाखेड, परळी करत बालाघाटाच्या रांगा ओलांडायच्या आणि पुण्यापुढे पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे अशी वाट धरायची. सारा रस्ता एकाच काळ्या पाषाणावरून जातो. ज्वालामुखीच्या लाव्हाचे थरांवर थर साचून दख्खनचं पठार झालं आणि त्याची पश्चिमेची कड एकदम तुटली, तिला आपण सह्याद्री म्हणतो. अरबी समुद्रावरून आलेला पाऊस या भिंतीवर आदळतो. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, घाटमाथ्यावर काही ठिकाणी तो पाच हजारांच्याही पुढे जातो, आणि परभणी जिल्ह्यापर्यंत पोचेतो ढगांजवळ आठशे-नऊशे मिलिमीटरच उरतात. आमच्या लेंडी नदीला पूर आला की पलीकडच्या गावांचा संपर्क तुटतो आणि उन्हाळ्यात तिच्याच पात्रात पाण्यासाठी वाळू उकरावी लागते. हा विरोधाभास याच भिंतीने दिलेला आहे. खुद्द गोदावरी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगवते. तिथून पश्चिमेचा समुद्र ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे, पण ती पूर्वेला वळते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत पालम तालुक्यात जांभूळबेटाला वेढा घालते. कुंडलिका उलटी. माणगाव तालुक्यात भिऱ्याच्या वर, कड्यावरून देवकुंडात कोसळणारं पाणी तिच्या उगमाचं मानतात. तिथून कोलाड, रोहा करत ती रेवदंड्याला समुद्रात शिरते. इतक्या थोड्या अंतरात डोंगर, भातशेती, खाडी आणि वाळू असा सगळा पट ती उलगडते. म्हणूनच ती निवडली. कड्यावरचं पाणी, काठावरची वस्ती आणि किनारा या तिन्ही गोष्टी एकाच नदीवर पाहता येतात.

भिऱ्याजवळ मात्र डोळ्यांना दिसणारं सगळंच नदीचं नाही. मुळशीचं धरण मुळा नदीवर आहे. मुळा पूर्वेला वाहणारी, मुठेला, मग भीमेला आणि शेवटी कृष्णेला मिळणारी. टाटांच्या कंपनीने ते पाणी अडवलं, बोगद्यातून आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली पश्चिमेला सोडलं आणि १९२७मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे चालल्या. आज कोलाडजवळ कुंडलिकेच्या पाण्यात रबरी होड्या उसळतात, तो सगळा खेळ भिऱ्याहून सोडलेल्या पाण्यावर अवलंबून आहे. म्हणजे पर्यटक ज्या लाटांवर हसत-ओरडत जातो त्या लाटांचं पाणी भीमेच्या खोऱ्यातून वळवलेलं आहे आणि त्यासाठी मावळातली सुमारे पन्नास गावं उठली. १९२१मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यासोबत सत्याग्रह केला. धरणाविरुद्ध झालेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या संघटित लढ्यांत त्याची गणना होते. लढा हरला. गावं बुडाली, माणसं पांगली. हे मी सुरुवातीलाच सांगतो, कारण या खोऱ्याच्या तोंडाशी ज्यांना नवीन गाव मिळालं त्यांच्याबद्दल पुढे बरंच लिहायचं आहे. डोक्याशी मात्र ज्यांचं गावच गेलं ती माणसं आहेत. देवकुंडाचे फोटो घराघरांत पोचले. पावसाळ्यात अपघात होतात म्हणून तिथे जायला बंदी घालावी लागते, इतकी तिथली गर्दी. त्या गर्दीला मुळशीची गोष्ट कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून दुःख होतं.

कोलाड सोडून रोह्याला आलं की खोरं पसरतं. नदीच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी. आता इथे धाटावची रासायनिक वसाहत मोठी, तिच्यामुळे नदीचं पाणीही पूर्वीचं राहिलेलं नाही. पण रोहा आणि अष्टमी ही नावं जगात दुसरीकडेही ऐकू येतात. इस्रायलमधल्या घरांच्या दारांवर. रोहेकर, अष्टमकर, पेणकर, नवगावकर, किहीमकर, झिराडकर, चेऊलकर, दिवेकर ही आडनावं बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची. त्यांची परंपरा सांगते की पूर्वज ज्या गलबतातून आले ते अलिबागच्या उत्तरेला नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि बुडालेल्यांना नवगावातच पुरलं. ती जागा आजही राखलेली आहे. कथेच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही आणि माझ्या मुद्द्याला त्याची गरजही नाही. महत्त्वाचं ते पुढे झालं. ही माणसं तेल गाळू लागली, गावोगाव पसरली आणि ज्या गावात घाणा लावला त्या गावाची झाली. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. हिंदी चित्रपट पाहणाऱ्या जुन्या पिढीला ‘बूट पॉलिश’मधला डेव्हिड आठवत असेल. त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चौलहून निघालेलं एक घराणं मुंबईच्या पडद्यावर पोचलं तरी गाव नावातून सुटलं नव्हतं.

आडनावापेक्षा मला पुरावा म्हणून त्यांचे विधी अधिक मोलाचे वाटतात. आडनाव नोंदणीच्या सोयीसाठीही घेतलं जातं, पण देवापुढे काय ठेवायचं हे कुणी सोयीने ठरवत नाही. बेने इस्रायली मंगलकार्यात, नवसफेडीला मलिदा करतात. पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळं यांचं ताट एलियाहू पैगंबराच्या नावाने ठेवतात. पोहे आणि नारळ कोकणाचे, पैगंबर बायबलातला. अलिबागजवळ खंडाळ्याला कातळावर एक खूण आहे, एलियाहूचा रथ इथे टेकला अशी तिच्याबद्दल श्रद्धा आहे. लोक तिला एलियाहू हन्नबीचा टाप म्हणतात आणि आजही परदेशातून मंडळी तिथे नवस फेडायला येतात. इतक्या दूरच्या धर्मातल्या पैगंबराला या मातीत पाऊल ठेवायला लावणारी श्रद्धा परक्याची नसते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांच्यात मराठी कीर्तनं होऊ लागली, बायबलातल्या कथा साकी-दिंडीत लावून सांगितल्या जाऊ लागल्या. वल्हांडणाच्या सणाची पोथी, हगादा, मराठी भाषांतरासह १८४६मध्ये मुंबईला छापली गेली. १८७४ची पुण्याची आवृत्ती चित्रांसह निघाली. अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन अबोथ हे प्रार्थनामंदिर एकोणिसाव्या शतकातलं, ते १९१०मध्ये नव्याने बांधलं. मुंबईत १७९६मध्ये पहिलं प्रार्थनामंदिर उभारणारे सामाजी हसाजी दिवेकर हेही कोकणचे. आणि या समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल किहीमकर. किहीमच्या किनाऱ्यावर सुट्टी घालवणाऱ्या हजारो माणसांपैकी कितीजणांना हे नाव ठाऊक असेल?

यावर पहिला आक्षेप न्याय्य आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. तेली म्हणून जागा मिळाली, म्हणजे जातीच्या उतरंडीत एक पायरी मिळाली. ती काही वरची नव्हती. गावाने त्यांना सामावलं ते आपल्या विषमतेसकट. एवढंच नव्हे, त्या समाजातही गोरे आणि काळे असा भेद रुजला आणि गोऱ्यांनी काळ्यांशी सोयरीक टाळली. गावच्या जातिव्यवस्थेची लागण पाहुण्यांनाही झाली. मी हे सगळं मान्य करतो. पण उतरंडीतली पायरी ही तरी पायरी होती. तिच्यावर उभं राहून माणसाला घाणा लावता येत होता, मुलांची लग्नं करता येत होती, मेलेल्याला पुरायला जमीन मिळत होती. आणि शनिवारचा खाडा गावाने खपवून घेतला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. दुसरा आक्षेप असा की इतकं आपलेपण होतं तर १९४८नंतर बहुतेक सगळे इस्रायलला का गेले? ते छळामुळे गेले नाहीत. धर्माची ओढ, नव्या राष्ट्राची हाक आणि इंग्रज गेल्यावर बदललेल्या नोकऱ्या, ही कारणं होती. तिथे गेल्यावर काय झालं ते पाहिलं तर माझा मुद्दा बळकटच होतो. १९६२मध्ये तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत वंशावळीची चौकशी करण्याचं फर्मान काढलं. स्वतःच्या म्हटलेल्या देशात त्यांना आपण ज्यू असल्याचं सिद्ध करा असं सांगण्यात आलं. आंदोलनं झाली आणि १९६४मध्ये ती भूमिका मागे घ्यावी लागली. कोकणातल्या कुठल्याही गावाने त्यांच्याकडे वंशावळ मागितली नव्हती. इस्रायलमध्ये त्यांनी ‘मायबोली’ या नावाने मराठी नियतकालिक चालवलं, आणि इकडे महाराष्ट्र शासनाने २०१६मध्ये ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तेव्हा इथे फार थोडी कुटुंबं उरली होती.

कुंडलिकेच्या मुखाशी उत्तर काठाला चौल आणि रेवदंडा जोडून आहेत. वाळू काळसर, सुरूची झाडं, थेरोंड्याच्या कोळीवाड्यात वाळणारी मासळी, आणि माडांच्या वाड्यांमध्ये पोर्तुगीज कोटाच्या भिंती. सुट्टीला आलेला माणूस सातखणी मनोऱ्याचा फोटो घेतो आणि पाण्यात उतरतो. पण पोर्तुगीज इथे फार उशिरा आले. टॉलेमीच्या भूगोलात हे बंदर आहे. बगदादचा प्रवासी अल मसूदी इसवी सन ९१६च्या सुमारास इथे आला, तेव्हा त्याने नोंदवलं की गावात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, आणि काही इथेच जन्मलेले. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजा नेमत असे. हा मुलूख तेव्हा राष्ट्रकूटांच्या सत्तेखाली होता. पालमच्या माणसाला राष्ट्रकूट सांगायला वेरूळला न्यावं लागत नाही, आमच्या शेजारचं कंधार हे त्यांचं मोठं नगर होतं आणि तिथल्या तलावाला जगत्तुंग समुद्र हेच नाव आहे. समुद्रापासून इतक्या दूर, दुष्काळी पट्ट्यात पाणी साठवणाऱ्या राज्यकर्त्यांना किनाऱ्यावरच्या परक्या व्यापाऱ्याची किंमत नेमकी कळत होती. पालघर जिल्ह्यात चिंचणीला सापडलेला ९२६चा ताम्रपट तर याहून पुढचं सांगतो. संजाणच्या प्रांतावर राष्ट्रकूटांनी ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी नेमला होता. त्याचं महंमद हे नाव संस्कृतात मधुमती असं लिहिलं आहे. त्याने नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या, अन्नछत्र घातलं, आणि त्याच्या संमतीने देवीच्या मठाला गाव दान मिळालं. बाहेरून आलेल्यावर विश्वास टाकण्याची ही हजार वर्षांपूर्वीची लेखी साक्ष आहे, आणि ती मराठवाड्यावरही राज्य करणाऱ्यांच्या काळातली आहे. पुढे १४६९च्या सुमाराला त्वेर गावचा रशियन व्यापारी अफनासी निकितीन चौललाच उतरला आणि घाट चढून जुन्नर, बिदरकडे गेला. किनारा आणि पठार यांच्यात आज जी मानसिक दरी आपण धरून बसलो आहोत ती त्या काळी नव्हती.

नदीच्या दुसऱ्या काठाला कोर्लई. इथे माझ्या म्हणण्याची सर्वांत कडक परीक्षा होते, कारण पोर्तुगीज आले ते आश्रय मागायला नव्हे. १५२१मध्ये त्यांनी निजामशहाकडून रेवदंड्याला कोट बांधायची परवानगी मिळवली, १५९४मध्ये कोर्लईचा डोंगर लढून घेतला आणि १७४०मध्ये मराठ्यांनी तो घेईपर्यंत तोफांच्या जोरावर समुद्रावर हुकूम चालवला. धर्मांतरं झाली, परवाने लादले गेले. अशा सत्तेला स्थलांतरितांचा वारसा म्हणणं मला पटत नाही. पण सत्ता गेल्यावर जे उरलं ते वेगळं आहे. गडाखालच्या कोर्लई गावात ख्रिस्ती वस्तीत हजाराच्या आसपास माणसं आजही पोर्तुगीजातून जन्मलेली एक बोली बोलतात. तिला ते नो लिंग, म्हणजे आपली बोली, म्हणतात. ही माणसं लिस्बनची नाहीत. बहुतेक याच मातीतली, खालच्या मानलेल्या जातींतून धर्मांतरित झालेली. परकी होती ती भाषा. मराठ्यांचं राज्य आल्यावर तिचा मूळ देशाशी संबंध तुटला आणि ती मराठीच्या संगतीत बदलत गेली. शब्द पोर्तुगीज वळणाचे राहिले, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी जाऊन बसलं. भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर १९९६मध्ये सविस्तर ग्रंथ लिहिला. ती टिकली याचं एक कारण असंही आहे की धर्माने शेजाऱ्यांपासून आणि जातीने इतर ख्रिस्त्यांपासून ही वस्ती वेगळी पडली. म्हणजे दुराव्यानेही वारसा जपला जातो. मी हे माझ्या मुद्द्याविरुद्धचा पुरावा म्हणूनच नोंदवतो. मात्र रस्ते, शाळा, नोकऱ्या आल्यावर तो दुरावा संपतो आहे आणि त्याबरोबर भाषाही. दुरावा संपावा आणि भाषा राहावी असं वाटत असेल तर तिला मान द्यावा लागेल, आणि मान तेव्हाच मिळतो जेव्हा कुणी ती ऐकायला येतं. दक्षिणेला मुरूडकडे गेलं तर जंजिऱ्याच्या सिद्दींची कथाही अशीच गुंतागुंतीची. आफ्रिकेतून विकत आणलेली माणसं सत्ताधीश झाली आणि त्यांचं संस्थान १९४८पर्यंत टिकलं. आफ्रिकेतूनच गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता झाला आणि त्याने १६१० साली वसवलेली खडकी पुढे मराठवाड्याचं मुख्य शहर झाली. आमच्या विभागाचं ठाणं एका परदेशी गुलामाने वसवलं, हे आम्ही शाळेत शिकतो आणि विसरतो.

या सगळ्यावरून रायगडचा किनारा म्हणजे पाहुण्यांचं नंदनवन असा निष्कर्ष कुणी काढू नये. ज्या मुलखाने समुद्रावरून आलेल्याला घाण्यापुरती जागा दिली त्याने आपल्याच काही लेकरांना ती दिली नाही. कातकरी इथले आदिवासी. त्यांच्या कितीतरी वाड्या आजही दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत आणि पावसाळा संपला की ही कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. उचल घेऊन जातात, आमच्या ऊसतोडीवाल्यांसारखीच. कुळांचंही तेच. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या आणि भोवतालच्या शेतकऱ्यांनी १९३३मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन कसायला नकार दिला. हा संप सहा वर्षं चालला, शेतकरी उपाशी राहिले, लाकडं विकून जगले, आणि त्यातूनच डॉ. आंबेडकरांनी १९३७मध्ये खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. जमिनीवर कष्ट करणाऱ्याला जमिनीचा म्हणवून घ्यायलाही लढावं लागलं. आणि आता त्याच पट्ट्यात मुंबईच्या धनिकांचे बंगले उठले आहेत. २०२०पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट बोटीने येता येतं. हेही येणारेच. पण या येणाऱ्यांना गावाचं काहीच लागत नाही, पाणी सोडून. भिंत उंच, फाटक बंद, वर्षातले बरेच दिवस घर रिकामं. शनिवार तेल्याचा घाणा गावाला लागायचा आणि गाव त्याला लागायचं. ही परस्पर गरज हीच आपलेपणाची मुळी आहे, असं मला या प्रवासात वारंवार जाणवलं. ती नसेल तर पैसा येतो, माणूस येत नाही.

माझ्या तालुक्यातलेच काही जाणते यावर म्हणतील की ही तुलना ओढूनताणून आणली आहे. समुद्रावरून कायमचा आलेला माणूस वेगळा आणि सहा महिन्यांनी परतणारा तोडकरी वेगळा. त्याला तिथलं व्हायचंच नाही, त्याचं घर, त्याचा देव, त्याची दोन एकर जमीन पालमला आहे. खरं आहे. पण निकितीनही परत निघाला होता, सिराफचे व्यापारीही मोसमी वाऱ्यांबरोबर येत आणि जात. वारा फिरेपर्यंत बंदरात थांबणं भाग होतं, म्हणून बंदराने त्यांच्यासाठी न्यायाची सोय केली. हंगामी माणसाला हक्क लागत नाहीत हे त्या काळच्या राजालाही मान्य नव्हतं. आमचा तोडकरी एकाच कारखान्याच्या हद्दीत वर्षानुवर्षं जातो, त्याच्या आधी त्याचा बाप गेलेला असतो. तरी त्याच्या बायकोला तिथे बाळंतपणाची हमी नसते आणि पोराचं शाळेतलं वर्ष मोडतं. सरकारने ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ केलं आणि मुलांसाठी भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आणली. शिधापत्रिका आता दुसऱ्या गावातही चालावी अशी सोय झाली. ही पावलं योग्य दिशेची आहेत. मात्र त्यांचा रोख माणसाला मागे, त्याच्या गावात, सांभाळण्यावर अधिक आहे. जिथे तो अर्धं आयुष्य काढतो त्या गावाने त्याच्यासाठी काय करायचं, हा प्रश्न अजून तसाच आहे. चौलच्या राजाने तो हजार वर्षांपूर्वी विचारला होता.

आणखी एक हरकत उरते, सुट्टीला निघालेल्या साध्या माणसाची. वर्षभर राबून दोन दिवस समुद्र पाहायला आलेल्या कुटुंबावर इतिहासाचं ओझं कशाला? मला हे म्हणणं उडवून लावायचं नाही. काशीदच्या पांढऱ्या वाळूवर लेकरं खेळवणाऱ्या आईबापांना विश्रांतीचा पुरता अधिकार आहे. पण विश्रांती आणि माहिती यांत वैर नाही. उलट किनाऱ्यावर सगळी गर्दी आठ-दहा ठिकाणी साठते, तिथेच कचरा, तिथेच बुडण्याचे अपघात, तिथेच भाव चढे. हीच माणसं नवगाव, खंडाळे, इस्रायल आळी, चौल, कोर्लई अशी विखुरली तर गर्दीचा ताण हलका होईल आणि चार पैसे नव्या घरांत जातील. त्यासाठी फार खर्च नको. भिरा ते रेवदंडा असा कुंडलिकेचा एक मार्ग आखावा, कोर्लईच्या मुलामुलींना वाटाडे म्हणून तयार करावं, त्यांच्या बोलीतली चार वाक्यं त्यांच्याच तोंडून ऐकवावीत. नवगावच्या स्मारकाची माहिती मराठीत लिहावी. राहण्याची सोय गावातल्या घरांत असावी आणि कातकरी वाड्यांना त्यातला वाटा जमिनीच्या हक्कासकट मिळावा. मराठवाड्यातल्या शाळांच्या सहली ठरलेल्या देवस्थानांना आणि लेण्यांना जातात. त्यांतली एखादी दिवाळीनंतर इकडे यावी, कारण तेव्हा कड्यांना अजून पाणी असतं आणि घाटाच्या आधी वाटेत उसाच्या फडांजवळ आमच्याच तालुक्यातली पालं लागतात. भिऱ्याला वीजघरापाशी मुळशीखाली गेलेल्या गावांची नावं कोरलेली शिळा असावी, आणि प्रत्येक नावाखाली ती माणसं पुढे कुठे गेली ते लिहावं.